कीडनाशक मातीतून भूजलापर्यंत: पहिले मॉडेल बांधणाऱ्यांसाठी

हेक्टरी १ किलो तणनाशक फवारले, म्हणजे दर चौरस मीटरवर १०० मिलिग्रॅम पडले. त्या जमिनीतून वर्षाला २५० मिलिमीटर पाणी खाली झिरपत असेल, तर दर चौरस मीटरमागे ते २५० लिटर झाले. युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात आणि भूजलात कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने २५० लिटरमध्ये २५ मायक्रोग्रॅम चालतील. म्हणजे फवारलेल्या औषधातला फक्त ०.०२५ टक्के भाग खाली उतरला की मर्यादा गाठली गेली.

या कामाची सगळी अडचण या एका आकड्यात आहे. ९९.९ टक्के औषध वरच्या थरातच कुजून जाते असे तुमच्या मॉडेलने सांगितले आणि ते अगदी खरे निघाले, तरी उरलेल्या ०.१ टक्क्यात मर्यादेच्या चौपट माल असतो. पिकाचे उत्पादन किंवा पाण्याची गरज सांगणाऱ्या मॉडेलमध्ये दहा टक्क्यांची चूक खपून जाते. इथे बहुतांश औषधाचे काय झाले हा प्रश्नच नाही. जो चिमूटभर अंश निसटतो त्याचे काय झाले, एवढेच विचारायचे आहे. नव्याने हे काम शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची प्रत्येक पायरी यावरच बेतलेली आहे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर लिहा: कोणते औषध, कोणत्या पिकावर, वर्षातून किती वेळा, कोणत्या मातीत, किती खोलीवर आणि कशाची सरासरी. "भूजल दूषित होईल का?" हा प्रश्न मॉडेलला विचारता येत नाही. "दरवर्षी एकदा फवारले तर १ मीटर खोलीवरून उतरणाऱ्या पाण्यात वार्षिक सरासरी प्रमाण किती?" हा विचारता येतो.

वार्षिक सरासरी म्हणजे वर्षभरात त्या खोलीखाली गेलेले एकूण औषध भागिले वर्षभरात गेलेले एकूण पाणी. रोजच्या प्रमाणांची सरासरी काढू नका. ज्या दिवशी जेमतेम थेंबभर पाणी खाली गेले त्या दिवसाचे प्रमाण भरमसाठ दिसू शकते, पण प्रत्यक्ष औषध नगण्य असते. नवशिक्यांच्या आलेखांतले भीतीदायक सुळके बरेचदा असलेच असतात.

पायरी २: कॅल्क्युलेटरवरचा हिशेब

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते. माझे मत स्पष्ट आहे: हा हिशेब हाताने केल्याशिवाय मॉडेल चालवू नये. त्यात तीन गोष्टी येतात.

पहिली, औषध मातीला किती चिकटते. सेंद्रिय कर्बाला चिकटण्याची ओढ मोजणाऱ्या गुणांकाला केओसी म्हणतात. त्याला मातीतल्या सेंद्रिय कर्बाच्या अंशाने गुणले की त्या मातीपुरता गुणांक मिळतो, तो केडी. दुसरी, चिकटण्यामुळे औषध पाण्याच्या किती मागे पडते. याला मंदन गुणांक म्हणतात: केडीला मातीच्या स्थूल घनतेने गुणा, ओलाव्याच्या आकारमानी प्रमाणाने भागा आणि त्यात १ मिळवा. तिसरी, विघटनाचा वेग. तो अर्धायुष्यावरून कळतो, आणि अर्धे औषध नाहीसे व्हायला लागणारे दिवस डीटी५० या नावाने लिहितात.

आता एक उदाहरण. औषधाचे केओसी १०० आणि अर्धायुष्य ६० दिवस धरा. ॲट्राझिन या तणनाशकासाठी जुन्या तक्त्यांत हेच आकडे दिलेले असत. माती पोयट्याची, सेंद्रिय कर्ब १ टक्का, स्थूल घनता १.४, वाफशाच्या आसपासचा ओलावा ०.२५. केडी झाला १. मंदन गुणांक: १.४ भागिले ०.२५ म्हणजे ५.६, अधिक १, एकूण ६.६. वर्षाला २५० मिलिमीटर पाणी झिरपते आणि ते मातीच्या पाव आकारमानातून वाहते, म्हणून पाणी वर्षाला १ मीटर उतरते. औषधाला तेवढेच अंतर काटायला ६.६ वर्षे, म्हणजे सुमारे २४०० दिवस लागतात. त्यात ४० अर्धायुष्ये बसतात. खाली काय पोचले? एक लाख कोटीतला एक भाग. शून्यच म्हणा.

आणि तरीही ॲट्राझिन अनेक देशांच्या भूजलात सापडले आहे. जर्मनीने ते १९९१ मध्ये बंद केले; त्यानंतर कित्येक वर्षे तिथल्या विहिरींच्या पाण्यात त्याचे अंश मिळत राहिले. मग हिशेब कुठे चुकला?

मातीचा एकच थर धरला, तिथे. सेंद्रिय कर्ब नांगरटीच्या थरात असतो आणि खाली झपाट्याने घटतो. सूक्ष्मजीवही तसेच. वरचे ३० सेंटिमीटर आधीसारखेच ठेवा. त्याखाली सेंद्रिय कर्ब ०.२ टक्के आणि स्थूल घनता १.५ धरा, तिथला मंदन गुणांक २.२ येतो. विघटनाचा वेग ३० ते ६० सेंटिमीटरमध्ये वरच्या निम्मा आणि ६० ते १०० मध्ये ०.३ पट धरा. युरोपातल्या भूजल मूल्यमापनात वापरले जाणारे हेच प्रमाण आहे. आता वरच्या थरात साधारण ७२० दिवस म्हणजे १२ अर्धायुष्ये, मधल्यात २४० दिवस म्हणजे २, खालच्यात ३२० दिवस म्हणजे १.६. एकूण १५.७ अर्धायुष्ये. खाली पोचणारा भाग सुमारे ०.००२ टक्के, आणि पाण्यातले प्रमाण लिटरला ०.००८ मायक्रोग्रॅमच्या घरात. मर्यादेच्या खाली, पण शून्य मुळीच नाही.

आता फक्त अर्धायुष्य ६० ऐवजी ९० दिवस करा. बाकी काहीही बदलू नका. १५.७ ऐवजी साडेदहाच्या आत अर्धायुष्ये होतात, पोचणारा भाग ०.०७ टक्क्यांवर जातो आणि प्रमाण लिटरला ०.२९ मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका आकड्यात दीडपट बदल झाला आणि निकाल सुमारे ३७ पट वाढला. मर्यादेच्या आतले औषध मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट झाले. एकाच औषधाचे अर्धायुष्य दोन मातींत ६० आणि ९० येणे ही अगदी रोजची गोष्ट आहे.

हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केला की पुढे मॉडेलमधला प्रत्येक आकडा तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. नुसती चाळणी लावायची असेल तर १९८९ मध्ये मांडला गेलेला गस निर्देशांक आहे: ४ मधून केओसीचा दशमान लॉगॅरिथम वजा करा आणि उत्तराला अर्धायुष्याच्या लॉगॅरिथमने गुणा. २.८ च्या वर आले तर औषध झिरपणारे, १.८ च्या खाली आले तर न झिरपणारे, मधले संदिग्ध. वरच्या औषधाचा निर्देशांक ३.५६ येतो. अनेक औषधांतून कोणत्या औषधाकडे आधी बघायचे हे ठरवायला तो चांगला आहे. त्यावरून प्रमाण किती हे कळत नाही.

पायरी ३: औषधाचे आकडे तपासून घ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा.

अर्धायुष्य वाचताना पहिला सवाल: हे प्रयोगशाळेतले की शेतातले? शेतात औषध पृष्ठभागावरून उडून जाते, उन्हाने तुटते, पाण्याबरोबर खालीही जाते. शेतातल्या चाचणीत हे सगळे "नाहीसे झाले" या एकाच खात्यात जमा होते. तो आकडा तुम्ही मातीतल्या विघटनाचा वेग म्हणून भरला, तर खाली झिरपलेले औषध कुजले असे मॉडेल धरून चालते. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा तीच हिशेबातून आधीच वजा झाली. म्हणून शेतातला आकडा घ्यायचाच असेल तर पृष्ठभागावरची घट वेगळी काढलेला घ्या.

दुसरा सवाल: कोणत्या तापमानाला? प्रयोगशाळेतले आकडे बहुधा २० अंश सेल्सिअसचे असतात. तापमान १० अंशांनी उतरले की विघटन २.५८ पट मंदावते असे युरोपीय मूल्यमापनात धरतात. ६० दिवसांचे अर्धायुष्य १० अंशांवर १५५ दिवस होते. ओलाव्याचेही तसेच. माती निम्मी सुकली तर नेहमीच्या सूत्रानुसार अर्धायुष्य सुमारे १.६ पट वाढते. मॉडेल ही दुरुस्ती स्वतः करते, पण तुम्ही भरलेला आकडा कोणत्या तापमानाचा आणि किती ओलाव्याचा हे त्याला सांगावे लागते. आधीच दुरुस्त केलेला आकडा भरून वर मॉडेललाही दुरुस्ती करू दिली, तर तीच गोष्ट दोनदा होते आणि कुठेही इशारा येत नाही.

चिकटण्याच्या गुणांकाबाबत तीन ठिकाणी जपा. काही मॉडेलना सेंद्रिय कर्बावरचा गुणांक लागतो, काहींना सेंद्रिय पदार्थावरचा. दोन्हींत १.७२४ पटीचा फरक आहे. पर्ल हे मॉडेल सेंद्रिय पदार्थावरचा मागते. तिथे केओसी जसेच्या तसे टाकले तर औषध आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त चिकट ठरते आणि निकाल खोटा दिलासा देतो.

दुसरे, फ्रॉइन्डलिश घातांक. त्याचे नेहमीचे मूल्य ०.९ असते. त्याचा अर्थ असा की प्रमाण जितके कमी तितके औषध जास्त घट्ट धरले जाते. प्रमाण हजारपट घटले तर परिणामी केडी दुपटीने वाढतो. हा घातांक १ आहे की ०.९ हे किरकोळ वाटते, पण आपला सगळा खेळ लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या टोकाला आहे आणि तिथे हा फरक निकाल उलटा करू शकतो.

तिसरे, सगळीच औषधे सेंद्रिय कर्बाला चिकटत नाहीत. ग्लायफोसेट लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना धरून राहते. पॅराक्वाट चिकणमातीच्या कणांत अडकते. २,४-डी हे आम्लधर्मी आहे. शेतातल्या नेहमीच्या सामूला ते जवळजवळ पूर्णपणे ऋणभारित रूपात असते आणि मातीला फारसे धरत नाही. अशा औषधांसाठी केओसी गुणिले कर्ब हे सूत्र फसवे आहे. त्या मातीतला मोजलेला केडीच वापरा.

विघटनातून तयार होणारे पदार्थही विसरू नका. ॲट्राझिनपासून डिसएथिल-ॲट्राझिन बनते, ते मूळ औषधापेक्षा कमी चिकटते आणि भूजलात हमखास मोजले जाते. मॉडेलमध्ये किती भाग रूपांतरित होतो ते द्यावे लागते, आणि रेणुभारही. ॲट्राझिनचा रेणुभार २१५.७, त्या पदार्थाचा १८७.६, म्हणून १०० मिलिग्रॅम पूर्ण रूपांतरित झाले तरी ८७ मिलिग्रॅमच हाती येतात.

पायरी ४: माती आणि हवामान

मातीचा छेद १ मीटरपर्यंत तरी थराथराने हवा: प्रत्येक थराची जाडी, वाळू-गाळ-चिकणमातीचे प्रमाण, सेंद्रिय कर्ब, स्थूल घनता, सामू. ओलावा आणि पाणी वाहण्याची क्षमता मोजलेली नसेल तर पोतावरून अंदाज देणारी सूत्रे आणि तक्ते आहेत. व्हॅन गेनुख्टेन यांनी १९८० मध्ये मांडलेल्या समीकरणाचे पॅरामीटर बहुतेक मॉडेल स्वीकारतात. मात्र तक्त्यातली पूर्ण ओली वाळू दिवसाला ७ मीटरपेक्षा जास्त पाणी वाहून नेते आणि चिकणमाती जेमतेम ५ सेंटिमीटर, म्हणून पोताचे नाव चुकले तर पुढचे सगळे चुकते. भेगाळणाऱ्या मातीत तर तक्त्यावर विसंबूच नका.

पाऊस रोजचा हवा. मासिक बेरजेला काही अर्थ नाही, कारण १२० मिलिमीटर पाऊस महिनाभर रिमझिम पडणे आणि दोन दिवसांत कोसळणे यांत औषधाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. किमान वीस वर्षांच्या नोंदी मिळवा.

पायरी ५: मॉडेल निवडा

सोपी मॉडेल माती हा एकावर एक ठेवलेल्या कप्प्यांचा डोलारा मानतात: एक कप्पा वाफशापर्यंत भरला की जास्तीचे पाणी खालच्यात उतरते. अमेरिकेचे पीआरझेडएम आणि जर्मनीचे पेल्मो या वर्गातले. नेदरलँड्सचे पर्ल आणि हायड्रस-१डी रिचर्ड्स यांचे १९३१ चे समीकरण सोडवतात, त्यामुळे पाणी केशाकर्षणाने वर चढण्याचाही हिशेब लागतो. स्वीडनमधले मॅक्रो मातीत दोन वाटा मानते: बारीक छिद्रांतून संथ वाहणारी आणि भेगा, मुळांच्या पोकळ्या, गांडुळांची बिळे यांतून सुसाट जाणारी.

नवशिक्याने कुठून सुरुवात करावी? वालुकामय किंवा पोयट्याच्या मातीसाठी पर्ल किंवा हायड्रस-१डी घ्या. युरोपातल्या फोकस गटाने ठरवलेली नऊ भूजल परिदृश्ये पर्ल आणि पेल्मोमध्ये तयारच मिळतात; मॅक्रोमध्ये त्यांतले फक्त शातोदाँ आहे. फ्रान्समधल्या शातोदाँपासून ग्रीसमधल्या थिवापर्यंत प्रत्येकाची माती, हवामान आणि पिके भरलेली असतात. स्वतःचे परिदृश्य रचण्याआधी यांपैकी एक जसेच्या तसे चालवून बघा. चिकणमातीच्या भेगाळ जमिनीसाठी मात्र थेट मॅक्रोकडे जा, शिकायला अवघड असले तरी.

पायरी ६: आधी फक्त पाणी चालवा

औषध भरूच नका. पाऊस आणि सिंचन मिळून जेवढे पाणी आले, तेवढेच बाष्पीभवन-बाष्पोत्सर्जन, वाहून गेलेले, खाली झिरपलेले आणि मातीत साठलेले मिळून भरले पाहिजे. ही बेरीज जुळली की झिरपलेल्या पाण्याकडे बघा. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस, ५५० मिलिमीटर बाष्पोत्सर्जन आणि २५० मिलिमीटर झिरपणे असेल, तर बाष्पोत्सर्जनात फक्त १० टक्के चूक झाली तरी झिरपणे ५५ मिलिमीटरने, म्हणजे २२ टक्क्यांनी चुकते. म्हणून पिकाचे गुणांक, मुळांची खोली, पेरणी-कापणीच्या तारखा इथेच नीट लावा. पाणी चुकले असताना औषधाचे आकडे फिरवून निकाल जुळवणे ही या क्षेत्रातली सर्वांत वाईट सवय आहे. एकदा लागली की सुटत नाही.

पायरी ७: जाळी आणि फैलाव

मातीचे बारीक थर करून गणित सोडवले जाते. औषधाचा पट्टा खाली जाताना पसरत जातो. ते पसरणे ज्या लांबीने मोजतात तिला फैलावलांबी म्हणू. फोकस परिदृश्यांत ती ५ सेंटिमीटर धरतात. थराची जाडी फैलावलांबीच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर उत्तर डोलायला लागते. काही ठिकाणी चक्क ऋण प्रमाणे दिसतील. ती दिसली की जाळी बारीक करा. कप्प्यांच्या मॉडेलमध्ये कप्प्याची जाडीच कृत्रिम फैलाव निर्माण करते, साधारण जाडीच्या निम्मा. तिथे कप्पे बारीक केले की गणित सुधारते असे वाटते. प्रत्यक्षात तुम्ही फैलावच कमी करत असता आणि निकाल खाली सरकतो.

जाळी निम्मी करून पुन्हा चालवा. निकाल हलला नाही तर पुढे जा.

पायरी ८: औषध भरा, वर्षे चालवा

फवारणीची मात्रा देताना पिकाच्या पानांवर किती अडकते ते वजा करायचे की मॉडेलवर सोपवायचे, हे आधी ठरवा, दोन्ही नको. फोकसच्या पद्धतीत दरवर्षीच्या वापरासाठी २६ वर्षे चालवतात. पहिली सहा वर्षे माती औषधाने "भरून" यावी म्हणून सोडून देतात आणि पुढच्या वीस वर्षांच्या वार्षिक सरासऱ्यांतून ८० वा शतमक घेतात. म्हणजे वीसपैकी सोळा वर्षे निकालाच्या खाली किंवा आसपास असतात, चार वर्षे वर. सोडून द्यायची वर्षे कमी करण्याचा मोह आवरा. मंद औषधांना १ मीटर गाठायलाच तीन-चार वर्षे लागतात, हे वरच्या हिशेबात दिसलेच आहे.

फवारणीची तारीख एकच धरून थांबू नका. फवारल्यावर आठवड्याभरात मोठा पाऊस आला, तर औषध विघटन सुरू होण्याआधीच वरचा थर ओलांडू लागते. तारीख पाच-सहा दिवस मागे-पुढे सरकवून तीच वर्षे पुन्हा चालवा. निकाल खूप हलत असेल तर तो अहवालात लिहिण्याजोगा निष्कर्ष आहे.

चालवून झाल्यावर औषधाचाही ताळेबंद बघा: फवारलेले, कुजलेले, पिकाने शोषलेले, झिरपलेले, मातीत उरलेले. फरक दिसला तर तो शोधा. निसटणारा भागच ०.०२५ टक्क्यांच्या पातळीवर असताना ताळेबंदातली ०.१ टक्के तूट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पायरी ९: आकडे हलवून बघा

प्रत्येक महत्त्वाचा आकडा एकेक करून वर-खाली करा: अर्धायुष्य, केओसी, फ्रॉइन्डलिश घातांक, खालच्या थरांतला विघटनाचा वेग, झिरपणारे पाणी. बहुतेक वेळा अर्धायुष्य आणि चिकटण्याचे आकडे सगळ्यात वर येतील. त्यानंतर ते एकत्र हलवा. एकाच वेळी अर्धायुष्य जास्त आणि केओसी कमी निघू शकते, आणि खरा धोका त्या कोपऱ्यात असतो. शक्य असेल तर मोजलेल्या मूल्यांच्या पल्ल्यातून यादृच्छिक निवड करून शेकडो वेळा चालवा आणि निकाल एका आकड्याऐवजी पल्ला म्हणून मांडा.

पायरी १०: शेतातल्या मोजमापाशी जुळवणी

लायसिमीटर (मातीतून झिरपलेले पाणी तळाशी गोळा करणारे मातीचे टाके), सच्छिद्र चूषक नळ्या किंवा मातीचे थरवार नमुने हाती असतील तर जुळवणीचा क्रम मोडू नका. आधी मातीतला ओलावा. मग ब्रोमाइडसारखा शोधक, जो मातीला चिकटत नाही आणि कुजत नाही. तो मॉडेलमध्ये वेळेवर खाली पोचतो का ते बघा. पिके ब्रोमाइड शोषतात, तेवढे हिशेबात धरा. शेवटी औषध. हा क्रम उलटा केला तर केओसी आणि अर्धायुष्य एकमेकांची चूक झाकतात. एक वाढवून दुसरे घटवले की तोच आलेख मिळतो आणि कोणती जोडी खरी ते कळत नाही. म्हणूनच पाण्यातल्या प्रमाणाबरोबर मातीत उरलेल्या औषधाचेही मोजमाप हवे.

एक खूण नीट ओळखायला शिका. हिशेबाप्रमाणे १ मीटर उतरायला वर्षे लागणारे औषध पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-आठ दिवसांतच त्या खोलीवर सापडले, तर ते भेगांतून आणि बिळांतून गेले आहे. एकवाटी मॉडेलमध्ये केओसी कितीही कमी केले तरी हे जमणार नाही; जमवलेच तर पुढच्या वर्षीचा अंदाज पार कोसळेल. ग्लायफोसेटसारखे मातीला घट्ट धरणारे औषध शेतातल्या निचऱ्याच्या नळ्यांत पावसानंतर लगेच मिळते, तेही याच वाटेने, बरेचदा मातीच्या कणांवर स्वार होऊन. अशा वेळी मॉडेल बदला, आकडे नको.

आणि जिथे मोजमाप नाही तिथे जास्त सावध राहा. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत वापरलेले अल्डिकार्ब १९७९ मध्ये विहिरींत सापडले. तिथली माती रेताड, सेंद्रिय कर्ब कमी, भूजल उथळ. आज ही तीन लक्षणे पाहून कोणीही सावध होईल. तुमच्या जागी ती असतील तर मॉडेलने दिलासा दिला तरी विहिरीचे नमुने घ्यायला सांगा.

पायरी ११: १ मीटरखाली

१ मीटरवरचे प्रमाण म्हणजे विहिरीतले प्रमाण नव्हे. मधल्या कोरड्या थरांत औषध आणखी रेंगाळते, भूजलात मिसळून विरळ होते, शेजारच्या न फवारलेल्या शेतांचे पाणी त्यात येते. दुसऱ्या बाजूने, तिथे सूक्ष्मजीव आणि कर्ब कमी असल्याने विघटन फार मंदावते. फोकस परिदृश्यांत १ मीटरखाली ते शून्यच धरले जाते. विहिरीपर्यंतचा अंदाज हवा असेल तर १ मीटरवरून निघणारे पाणी आणि औषध हे मॉडफ्लोसारख्या भूजल मॉडेलला वरून दिलेला पुरवठा म्हणून द्यावे लागतात. खोल विहिरीत वेगवेगळ्या वयाचे पाणी एकत्र येते, त्यामुळे आजच्या नमुन्यात दशकांपूर्वीची फवारणी दिसू शकते, आणि आज बंद केलेल्या औषधाचा उतार दिसायलाही तेवढाच काळ जाऊ शकतो.

अहवालात निकालाशेजारी हे लिहा: मॉडेलचे नाव आणि आवृत्ती, प्रत्येक अर्धायुष्य प्रयोगशाळेतले की शेतातले, कोणत्या तापमानाचे, केडी मोजलेला की केओसीवरून काढलेला, खालच्या थरांत विघटन किती धरले, जाळीची जाडी आणि सोडून दिलेली वर्षे. भरलेल्या फाइली जशाच्या तशा जोडा. दुसऱ्या कोणी त्या चालवून तोच आकडा काढला, तर तुमचा अहवाल वापरण्याजोगा झाला.